कापूस मळका, म्हैस भुरकट: फोटो नेमका बिघडतो कुठं?

दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की शेताकडं पाहताना डोळे दिपतात. तेच शेत मोबाईलमध्ये पाहावं तर कापूस मळका, पावसात भिजून वाळल्यासारखा. संध्याकाळी कोठ्यातल्या म्हशीचा फोटो काढावा तर काळीभोर म्हैस भुरकट, अंगावर राख उडाल्यासारखी. मग दोष जातो मोबाईलच्या किमतीवर. पण पन्नास हजारांच्या फोनवरही हेच होतं, कारण चूक भिंगात नसून हिशेबात असते.

उजेड मोजताना कॅमेरा एक गोष्ट गृहीत धरतो: समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी असणार. हा राखाडी म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारा रंग. घरं, माणसं, झाडं, रस्ता असं सगळं मिसळलेलं असेल तर हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. पण फ्रेमभर नुसता कापूस असेल तर कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फारच झाला. तो उजेड कमी करतो आणि पांढरं राखाडी होतं. फ्रेमभर म्हैस असेल तर उलट: अंधार आहे असं समजून उजेड वाढवतो आणि काळं भुरकट होतं. नवे फोन चेहरा ओळखतात, आकाश ओळखतात, तरी फ्रेम एकाच रंगानं भरली की तेही याच खड्ड्यात पडतात.

उपाय दहा सेकंदांचा आहे. स्क्रीनवर बोट टेकवलं की बाजूला छोटा सूर्य दिसतो. कापसासाठी तो वर सरकवा, म्हशीसाठी खाली. आकडे दिसणारा कॅमेरा असेल तर कापसाला अधिक १ ते अधिक १.५, म्हशीला किंवा नुकत्याच नांगरलेल्या काळ्या रानाला उणे १. या हिशेबात एक पायरी म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. बोट दोन सेकंद दाबून धरलं तर मोजमाप तिथंच थांबतं आणि पुढचे चार फोटो एकसारखे येतात. अमेरिकेतले छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास हाच हिशेब पक्क्या काळ्यापासून पक्क्या पांढऱ्यापर्यंत ११ पायऱ्यांत बसवला. फोटो काढण्याआधीच ठरवायचं की ही वस्तू कोणत्या पायरीवर दिसायला हवी. कापूस सातव्या-आठव्या पायरीवर बसला की त्याचे धागे दिसतात. त्याच्याही वर गेला की नुसता पांढरा डाग.

आता पांढरा गवळाऊ बैल आणि नागपुरी म्हैस भर उन्हात शेजारी बांधलेली आहेत असं समजा. इथं स्क्रीनवरचा सूर्य वर-खाली करून भागत नाही. बैल सांभाळला तर म्हैस म्हणजे काळा खड्डा, म्हैस सांभाळली तर बैलाच्या पाठीवर चुना फासल्यासारखं. दोन्ही जनावरं झाडाच्या दाट सावलीत आणणं हाच इलाज. चांगल्या फोटोचं बरंचसं काम असं बोटापेक्षा पायांचं असतं. आपण कुठं उभे, समोरचा कुठं उभा आणि उजेड कुठून येतो, एवढं जुळलं तर साधा फोनही चांगलं काम करतो.

सावली बघा, घड्याळ नको

"सकाळी लवकर फोटो काढा" हा सल्ला खरा आहे, पण ढोबळ. त्यापेक्षा स्वतःची सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे आणि उजेड चेहऱ्यावर समोरून किंवा बाजूनं पडतो. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की उजेड डोक्यावरून येतो, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात, नाकाची सावली ओठांवर उतरते आणि सोळा वर्षांची पोरगीही थकलेली दिसते.

विदर्भ साधारण २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतो. म्हणून नागपूरकडं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावलीच पडत नाही. त्या दिवसांत उघड्यावर माणसांचे फोटो सकाळी नवाच्या आत किंवा दुपारी साडेतीननंतर. मधल्या वेळेत ओसरी गाठा. डिसेंबरच्या शेवटी मात्र ऐन दुपारीही सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणजे जवळपास दिवसभर सावली आपल्याएवढी किंवा लांबच. फोटो काढणाऱ्यासाठी विदर्भातला खरा हंगाम हिवाळ्याचा. लग्नं मात्र आपण मे महिन्यातच लावतो, त्याला इलाज नाही.

ओसरीचा उजेड चांगला का, तर तो ऊन नसून आकाशाचा उजेड असतो. मोठ्या पसरट जागेतून येतो म्हणून सावल्या मऊ पडतात. माणसाला कडेपासून हात-दीड हात आत, बाहेर तोंड करून उभं करा. चार पावलं आणखी आत गेला की उजेड झपाट्यानं कमी होतो. अंगणात ऊन पडलं असेल तर तेच ऊन जमिनीवरून उसळून चेहऱ्याखालची सावली भरून काढतं. अंगण सारवलेलं असेल तर रंग थोडा पिवळट येतो, फरशी असेल तर स्वच्छ. पांढरं धोतर उन्हात पसरलं तर फरक लगेच दिसतो.

कडुलिंबाच्या झाडाखाली जरा सावध. पानांतून गळणारं ऊन चेहऱ्यावर ठिपके पाडतं आणि ते नंतर कशानंच निघत नाहीत. सावली सलग असेल तरच झाडाखाली जा. संत्र्याच्या बागेतही हीच अडचण, शिवाय चहूबाजूंच्या पानांचा हिरवा उजेड चेहऱ्यावर चढतो. लग्नाच्या मांडवात लाल-गुलाबी कापड असेल तर नवरदेवाचा चेहरा तापल्यासारखा लाल, निळ्या ताडपत्रीखाली वऱ्हाडी आजारी. एका बाजूनं कापडातला उजेड आणि दुसऱ्या बाजूनं उघडं आकाश असेल तर अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. तो नंतर दुरुस्त करणं फार कठीण. दोन पावलं मांडवाच्या कडेला, बाहेर तोंड करून उभं राहायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

अंतर: नाक, शिंग आणि लोणार

मोबाईलचं मुख्य भिंग बऱ्यापैकी रुंद पाहणारं असतं. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात २४ ते २६ मिलिमीटर. म्हणून चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर माणूस नकळत दीड फुटावर जातो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर खोली असते. दीड फुटावरून नाक कानापेक्षा सव्वापटीनं जवळ असतं, म्हणून तेवढंच मोठंही दिसतं. सहा फुटांवरून हाच फरक सहा-सात टक्के राहतो. तेव्हा पाच-सहा फूट मागं या आणि दोनपट झूम करा. बऱ्याच फोनवर दोनपटीपर्यंत चित्र स्वच्छ राहतं. वेगळं दूरचं भिंग नसेल तर त्यापुढं फोन तपशील अंदाजानं भरतो.

जनावर विकायला काढलेल्या फोटोत ही चूक पैशाला भारी पडते. बैलासमोर चार फुटांवर उभं राहून काढलं तर डोकं मोठं, पाठ आखूड, मागचा भाग गायब. घेणारा फोटोवरून काय जोखणार? पंधरा ते वीस फूट दूर जा, बैलाच्या बरोबर बाजूला उभे राहा, फोन त्याच्या खांद्याच्या उंचीवर धरा आणि झूम करा. चारही खूर दिसतील अशी सपाट जमीन हवी, गवत नको. मग समोरून एक, मागून एक आणि दात दाखवणारा एक.

पोर्ट्रेट मोडबद्दल एकच सूचना: शिंगवाल्या जनावरावर आणि फेटेवाल्या माणसावर तो वापरू नका. पार्श्वभूमी धूसर करताना तो शिंगाचं टोकही पुसतो.

लोणारच्या विवराचा फोटो बहुतेकांचा डबक्यासारखा येतो. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटरचं ते विवर, पण फोटोत मोजायला काहीच नसतं. रुंद भिंग दूरच्या गोष्टी आणखी बारीक करतं. तिथं ०.५ चं बटण टाळा. एखादा माणूस काठावर, तुमच्यापासून तीस-चाळीस पावलं दूर उभा करा आणि दोनपट झूमवर काढा. तो माणूस बोटाएवढा दिसला की मागची खोली आपोआप कळते.

पार्श्वभूमीसाठी सवय एवढीच: दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवा. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कानाला टांगलेली बादली, मागं वाळत घातलेले कपडे हे काढताना दिसत नाहीत, कारण आपली नजर चेहऱ्यावर असते. बहुतेकदा एक पाऊल डावीकडं सरकणं पुरतं. पोळ्याच्या दिवशी आभाळ असतं, उजेड मऊ असतो, झूल आणि बाशिंगाचे रंग सुंदर येतात. पण बैलामागं पांढरं आभाळ आलं की बैल काळा पडतो. थोड्या उंच ओट्यावरून काढा, म्हणजे मागं आभाळाऐवजी गर्दी, झाडं किंवा भिंत येईल. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात उलट: गुडघ्यावर बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत पोरांचे भांग तेवढे दिसतात आणि लाकडी नंदी जमिनीला चिकटलेला.

चुलीपुढची आजी

भाकर थापणाऱ्या आजीचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि हमखास फसतो. म्हणून तो जरा जवळून पाहू.

खोलीत एक दार, एखादा झरोका, भिंती धुरानं काळ्या. आधी वरचा दिवा बंद करा. दिव्याचा पिवळा आणि दाराचा निळसर उजेड मिसळला की त्वचेचा रंग हातातून जातो. फ्लॅश तर नकोच. धुरावर पडलेला फ्लॅश कॅमेऱ्याकडंच परततो आणि आजीपुढं पांढरा पडदा उभा राहतो. आता चुलीच्या पलीकडं, आजीच्या समोर बसा, दार तुमच्या उजव्या किंवा डाव्या हाताला येईल असं. अर्धा चेहरा उजळ, अर्धा अंधारात. काळी भिंत उजेड परत देत नाही म्हणून अंधारी बाजू अगदीच बुडते. त्या बाजूला दोन-तीन फुटांवर खाट उभी करून तिच्यावर पांढरं धोतर टाका. सुरकुत्या परत दिसू लागतील. स्टीलची परात लावून पाहणारे असतात, पण ती चट्टे पाडते. कापडच बरं.

धूर दिसायला हवा असेल तर उजेड धुराच्या मागून यायला हवा आणि त्याच्या पाठीशी अंधार हवा. थोडं सरकून बसा, म्हणजे दार आजीच्या किंचित मागं जाईल, पण दार स्वतः फ्रेममध्ये येता कामा नये. आलं तर कॅमेरा त्याच्याच उजेडाला घाबरून बाकी सगळं काळं करेल. बोट आजीच्या उजळ गालावर टेकवा आणि सूर्य अर्धी-एक पायरी खाली आणा. अंधारी खोली अंधारीच दिसू द्या.

एवढ्या उजेडात शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तेवढा वेळ, सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत मंद होऊ शकतं. थापणारा हात त्यात पुसट येतो. पण थापून झालेली भाकर दोन्ही तळव्यांवर उचलून तव्याकडं नेताना हात क्षणभर थांबतात, आणि भाकर विस्तवापुढं उभी करून ती फुगायची वाट पाहताना आजी स्वतःच थांबते. हे दोन क्षण धरायचे. पाटावर बसा, कोपर गुडघ्यांवर टेकवा, श्वास सोडून दाबा.

आणि आधी विचारा. "आजी, फोटू काढू का वं?" म्हटलं की आजी पदर सावरून आधार कार्डाच्या फोटोसारखी ताठ होते. तो एक काढून घ्या, तिला दाखवा, "झाला" म्हणा. ती पुन्हा पिठाकडं वळते, तेव्हा खरं काम सुरू होतं. फोनमधला ब्युटी मोड मात्र आधीच बंद केलेला असावा, नाहीतर सत्तर वर्षांचा चेहरा मैद्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होऊन येतो.

शंकरपट

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी ताशी ३६ किलोमीटर वेगानं आली तर ती सेकंदाला १० मीटर जाते. सेकंदाच्या शंभराव्या भागात १० सेंटिमीटर, हजाराव्या भागात १ सेंटिमीटर. उन्हात फोन स्वतःहून हजाराव्या भागापेक्षाही जलद शटर घेतो, त्यामुळं तिथं फोटो हलला असं सहसा होत नाही. जोडी निघून गेल्यावर बटण दाबलं, असंच होतं. जोडी जिथं यायची त्या जागेवर आधी बोट दाबून फोकस कुलूपबंद करा, जोडी दोन-तीन कासरे दूर असतानाच सलग फोटो काढायला लागा आणि वीस-तीस फोटोंतून एक निवडा. चारही खूर हवेत असलेला सापडतो. संध्याकाळी किंवा आभाळात मात्र शटर मंद होतं, तेव्हा प्रो मोडमध्ये (जिथं शटर आपण ठरवतो) जाऊन १/१००० ठेवा आणि दाणेदारपणा सोसा.

मागची गर्दी रेषांसारखी पळताना दिसते तो फोटो उन्हात मोबाईलवर जवळपास अशक्य. त्याला मंद शटर लागतं, आणि भर उन्हात मंद शटर चालवायचं तर भिंगाचं छिद्र बारीक करता यावं लागतं. बहुतेक मोबाईलचं छिद्र कायमचं मोठं. मोठ्या कॅमेऱ्यावर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा ते) १००, छिद्र अगदी बारीक म्हणजे एफ २२, शटर साधारण १/६० आणि कमरेतून वळत जोडीबरोबर फिरणं. दहात एक जमला तरी हात चांगला म्हणायचा. पटाच्या आत उतरू नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

रोगट पानाचा फोटो

सल्ल्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचं नाव कृषी सहायक) किंवा कृषी विज्ञान केंद्राला पाठवलेले बरेच फोटो निरुपयोगी असतात, आणि त्यात नुकसान शेतकऱ्याचंच. नेहमीची चूक म्हणजे फार जवळ जाणं. बऱ्याच फोनचं मुख्य भिंग ८-१० सेंटिमीटरच्या आत फोकस करू शकत नाही. मागची माती स्पष्ट आणि पान धूसर आलं तर कारण हेच. वीतभर अंतर ठेवा, दोनपट झूम करा, देठ दुसऱ्या हाताच्या बोटांत धरून वारा अडवा.

एक फोटो कधीच पुरत नाही. पहिला चार-पाच ओळी दिसतील असा, म्हणजे प्रादुर्भाव एका कोपऱ्यात आहे की सगळीकडं ते कळेल. दुसरा पूर्ण झाडाचा. तिसरा पानाचा वरून, चौथा त्याच पानाचा खालून, कारण तुडतुडे आणि पांढरी माशी खालीच बसतात. बोंडअळीचा संशय असेल तर डोमकळीचा (न उमलता गुंडाळून राहिलेल्या फुलाचा) आणि हिरवं बोंड फोडून आतल्या अळीचा. शेजारी पेनचं टोपण किंवा नाणं ठेवा, आकार कळतो.

रंगाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. फोनमधली दृश्य ओळखणारी सोय पिकाला हिरवळ समजते आणि हिरवा रंग आणखी गडद करते. सोयाबीनचा पिवळा मोझॅक किंवा कपाशीचा लाल्या त्यात झाकला जातो. ती सोय बंद करा, फिल्टर लावू नका, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात कोरा पांढरा कागद येऊ द्या. पाहणाऱ्याला त्यावरून खरा रंग ताडता येतो. कडक उन्हात पान चकाकतं, म्हणून आपल्या अंगाची सावली पूर्ण पानावर पाडा. अर्धी नको.

याआधीचं एक काम म्हणजे भिंग पुसणं, आणि बहुतेक लोक ते करत नाहीत. खिशातला घाम, तंबाखूचा चुना, बोटाचं तेल यांचा थर बसला की दिव्याभोवती तेजोवलय आणि सगळ्या फोटोवर धुकं. आधी फुंकर मारून धूळ उडवा, मग धुतलेल्या सुती दुपट्ट्याच्या टोकानं पुसा. धुळीसकट घासलं तर ओरखडे उठतात. उन्हाळ्यात आणखी एक फसवणूक होते: फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होते, आपल्याला फोटो काळा वाटतो, आपण उजेड वाढवतो आणि घरी येऊन पाहावं तर सगळं पांढरं. फोन ओल्या कापडात गुंडाळू नका, सावलीत पाच मिनिटं ठेवा.

पाठवताना आणि छापताना

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे तो १३ गुणिले १० इंचांपर्यंत छान छापता येतो. तोच व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीनं पाठवला की लांब बाजू १६०० ठिपक्यांच्या आसपास उरते. मग पाच इंचांच्या पुढं छपाई पिचकट. पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंटमधून मूळ फाइल जशीच्या तशी जाते, त्यात ठिकाणाची नोंद असेल तर तीही जाते, हे लक्षात असू द्या.

फ्लेक्स दुरून पाहायचा असतो, म्हणून त्याला कमी ठिपके चालतात. पण त्यालाही मर्यादा आहे. वाढदिवसाच्या आदल्या रात्री ग्रुप फोटोतून भाऊंचा चेहरा कापून काढला, त्यात आडवे २०० ठिपके निघाले आणि तो चेहरा तीन फूट रुंद छापला, तर एकेक ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. चौकात दहा पावलांवरूनही ते दाणे मोजता येतात. फ्लेक्सवाल्याकडं जाताना मूळ फोटो पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा.